साठ जणांची सोय

आमच्या दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप दोन वर्षांपूर्वी सुरू झाला. तेव्हापासून एकच विषय वरचेवर निघायचा: सगळ्यांनी मिळून कॅम्पला जायचं, तंबूत राहायचं, शाळेत गेलो होतो तसं. "गेलो होतो" असं लिहिणारे सगळे मुलगे होते. आम्ही मुली गेलोच नव्हतो.

आम्ही अलोऱ्याच्या कॉलनीतली मुलं. आमचे वडील कोयना प्रकल्पावर कामाला होते. कुणी बोगद्यात, कुणी वर्कशॉपमध्ये, कुणी कार्यालयात. आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा कॅम्प नाट्याजवळच्या सड्यावर, समुद्राकाठच्या कातळाच्या पठारावर, न्यायचं ठरलं. मुला-मुलींची एकच यादी लागली होती, त्यात माझं नाव होतं. आईनं मला नवी सतरंजी दिली, वडिलांनी टॉर्चमध्ये सेल भरून दिले. निघायच्या आदल्या दिवशी हेडसर वर्गात आले आणि म्हणाले, "मुलींची सोय होत नाही. मुलीच्या जातीला उघड्यावर बरं नव्हे. मुलगे जातील." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फाटकाशी उभं राहून बसला हात हलवले.

मुलगे परत आले ते वेगळेच होऊन. सड्यावरचे तंबू, शेकोटी, समुद्रावरून येणारा वारा, चार दिवसांच्या त्या गोष्टी आम्ही पुढं दहावीपर्यंत ऐकल्या आणि आता पन्नाशी उलटल्यावर मोबाइलवर परत ऐकत होतो. म्हणून या वर्षी मंगलनं ग्रुपवर लिहिलं, "जागा आम्ही दोघी बघून येतो. मी आणि सुमन. बाकीच्यांनी मतं देऊ नयेत." सुमन म्हणजे मी.

मतं आलीच. साठ माणसं होणार होती, बायका-नवरे धरून. एकाला जमिनीवरून उठता येत नव्हतं, तिघांना कमोड हवा होता, एकीला मासळीचा वास नको होता, आणि आमच्या वर्गाचा म्होरक्या दिलीप रोज लिहायचा, "काही म्हणा, नाट्याच्या सड्याची मजा कुठं नाही." मंगलनं सगळं एका वहीत उतरवून घेतलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती साताऱ्याहून गाडी घेऊन मला न्यायला कराडला आली. डिकीत तिच्या मुलाचा दोन माणसांचा तंबू होता. "जागा बघायची तर झोपून बघायची," ती म्हणाली.

अलोरे

कुंभार्ली घाट उतरला की हवा बदलते, हे मी इतक्या वर्षांत विसरले होते. अंगाला ओल लागते आणि पानांचा वास येतो. मंगलनं काच खाली केली, मग मीही केली.

पहिला विचार शाळेच्या मैदानाचा होता. तिथंच तंबू ठोकले तर? मैदान होतं, पण कडेनं रान चढलं होतं, आणि जिथं पाण्याच्या तोट्या होत्या तिथं आता गवत होतं. तिथल्या माणसानं आम्हाला आपुलकीनं सगळीकडं फिरवलं. दिवसा कितीही वेळ बसा, म्हणाला, रात्री राहायची मात्र इथं काही व्यवस्था नाही. बरोबरच होतं त्याचं.

आमची चाळ शोधायला मला वेळ लागला. सगळ्या चाळी सारख्याच दिसतात आणि झाडं मात्र सगळी मोठी झालेली. शेवटी मोरीच्या दगडावरून ओळखली. त्यावर आई कपडे आपटायची. आम्ही मूळचे माणदेशातले. डाव्या हाताचे शेजारी नागपूरकडचे, उजव्या हाताला रत्नागिरीचं एक कुटुंब. कॉलनीत मूळचं अलोऱ्याचं कुणीच नव्हतं, म्हणून सगळेच एकमेकांचे होते. आईनं त्या शेजारणीकडून आंबोळ्या शिकून घेतल्या आणि बदल्यात तिला ज्वारीची भाकरी थापायला शिकवलं. "तुझं गाव कुठलं?" असं कुणी विचारलं की मी आजही जरा अडखळते. वडिलांच्या गावाचं नाव सांगते, आणि सांगताना इथला हा मोरीचा दगड आठवतो.

"रडतेस काय?" मंगल म्हणाली.

"डोळ्यात काहीतरी गेलं."

"माझ्याही गेलं," ती म्हणाली आणि गाडीकडं चालू लागली.

गणपतीपुळे

दुसऱ्या दिवशी दुपारी गणपतीपुळ्याला पोचलो. दर्शन घेतलं, डोंगराला प्रदक्षिणा घातली. ऊन असूनही वाटेवर सावली होती. मग घरगुती खाणावळीत जेवलो. मंगल तीन वाट्या सोलकढी प्यायली आणि चौथी मागताना लाजली. आमच्याकडं पाहुण्याला ताटात काय हवं ते विचारत विचारत वाढतात. इथं वाढणाऱ्या बाईंनी विचारलं नाही, भात संपायला आला की वाढला. आपण हात आडवा धरेपर्यंत वाढायचं, अशी तिथली रीत दिसली.

तिथून थोड्या अंतरावर तंबूंचा एक मुक्काम आहे असं कळलं होतं. गेलो. नारळीच्या बागेत पांढऱ्या तंबूंच्या दोन रांगा, प्रत्येकात पलंग, पंखा, आरसा, मागं फरशीचं न्हाणीघर. तिथला तरतरीत व्यवस्थापक आम्हाला म्हणाला, "मॅडम, साठ जण आरामात. संध्याकाळी गाणी लावू, सकाळी पोहे, उपमा, जे म्हणाल ते."

मंगलनं वही काढून एकेक खूण केली. कमोड आहे. जमिनीवरून उठायचा प्रश्न नाही. मासळीचा वास नाही. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. ती पलंगावर आडवी झाली आणि छताच्या कापडाकडं बघत राहिली.

"छान आहे," मी म्हणाले.

"छान आहे," ती म्हणाली. "नातवंडांना घेऊन येईन इथं. पण सुमन, हे कापडाचं हॉटेल आहे. ह्यासाठी मी चाळीस वर्षं थांबले नव्हते."

आम्ही त्याला कळवतो म्हणून सांगितलं. खरं तर तेवढ्यावर थांबायला हवं होतं. साठ माणसांना घेऊन जुन्या आठवणींच्या मागं धावणं शहाणपणाचं नव्हतं. पण संध्याकाळी वाळूवर बसलो असताना मंगलनं दिलीपनं पाठवलेला नकाशा परत उघडला. त्यानं आठवणीतून काढलेला: सडा, एका बाजूला समुद्र, उतारावर भेंडीचं (भाजीची नव्हे, किनाऱ्यावर वाढते ती) एकच मोठं झाड, त्याखाली पायऱ्यांची विहीर. वर त्यानं लिहिलं होतं, "बस, एवढंच आठवतं. आयुष्यातले सर्वांत भारी चार दिवस."

"बघून तरी येऊ," मंगल म्हणाली. "नसेल जागा तर नसेल. निदान त्यांनी काय पाहिलं ते तरी पाहू."

नाटे

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो आणि पावस, पूर्णगड, आडिवरे करत किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली गेलो. हा रस्ता घाई असलेल्या माणसानं घेऊ नये. प्रत्येक खाडीवर थांबावंसं वाटतं, आणि आम्ही थांबलो. फोनमधल्या नकाशानं आम्हाला शेवटच्या टप्प्यात चुकवलं आणि थेट चिऱ्यांच्या खाणीत नेऊन सोडलं. डोंगराचा एक अख्खा कोपरा चौकोनी कापून नेलेला, लाल भिंती, लाल धूळ, मध्ये आमची पांढरी गाडी. मंगलनं गाडी वळवताना मागचा दिवा चिऱ्यावर आपटून फोडला. आम्ही दोघी उतरून त्या लाल खड्ड्याकडं बघत राहिलो. दोघींच्याही मनात एकच आलं: त्यांचा सडा हाच असला तर?

खाणीतल्या माणसांनी नकाशा बघितला. त्यांना भेंडीचं झाड माहीत नव्हतं. "बंदरावर विचारा," ते म्हणाले.

नाट्याच्या बंदरावर सकाळचा मासळीचा लिलाव संपत आला होता. बांगड्याच्या टोपलीपाशी बसलेल्या एका बाईला मंगलनं सगळी हकीकत सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घाटाकडच्या शाळेची पोरां? ती पावसातली?"

"पावसातली नाही," मंगल म्हणाली. "कॅम्पला आलेली."

"तीच ती," बाई म्हणाली. "आक्काकडं जावा. पुढच्या वाडीत. आक्का सांगेल."

वाडी सड्याच्या पोटाला होती. गाडी वर सोडून पायऱ्या उतरलो आणि दोघीही एकदम थबकलो. भेंडीचं झाड होतं. खाली पायऱ्यांची विहीर होती. विहिरीपलीकडच्या चिऱ्याच्या घरासमोरच्या अंगणात, खळ्यात, एक म्हातारा माणूस जाळं विणत बसला होता आणि सत्तरीच्या घरातली एक बाई सुपातले कुळीथ निवडत होती. हीच आक्का. तो तिचा नवरा. त्याला सगळी वाडी दादा म्हणते. मुलगा त्यांचा मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे, सून नाट्याला शाळेत शिकवते.

आम्ही अलोऱ्याहून आलो म्हटल्यावर तिनं सूप खाली ठेवलं.

"अलोऱ्याच्या? त्या पोरांच्या कोण तुमी?"

"वर्गातल्या," मी म्हणाले. "ते इथं सड्यावर राहिले होते ना चार दिवस?"

आक्का दादांकडं बघून हसली. दादा जाळ्यात मान घालून हसले.

"सड्यावर?" ती म्हणाली. "सड्यावर एक संध्याकाळ होती. वारा उठला, तंबू उडाले. एक तर थंय खाली समुद्रात गेला. वर पाऊस. दिवाळीत येतो न्हवं कधी कधी, तसला. पोरां रडत रडत खाली आली. तेहतीस पोरां नि एक मास्तर. मास्तर पण रडायचाच बाकी होता."

मंगल खळ्यातच बसली. "मग?"

"मग काय? ह्या पडवीत घेतली. कपडे काढून घेतले, आमच्या लुगड्यांत गुंडाळली. दोन दिवस पाऊस थांबला नाय. वाडीतनं तांदूळ गोळा केले, कुळथाची पिठी केली मोठ्या टोपात. एक रोडका पोरगा होता, दिलीप का कोण. आई आई करत होता. माझ्या मांडीवरच झोपायचा. माझा मुलगा तेव्हा तान्हा. एका मांडीवर तो, एका मांडीवर दिलीप."

मी मंगलकडं बघितलं. ती आधी हसली. मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. चाळीस वर्षं ज्या कॅम्पचा आम्हाला हेवा वाटला, तो झालाच नव्हता. शेकोटी नव्हती, तंबू नव्हते. एका बाईची पडवी होती आणि ओली, घाबरलेली मुलं. आणि त्यांतल्या एकानंही या बाईचं नाव आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

"मी मास्तरला विचारलं व्हतं," आक्का पुढं म्हणाली. "पोरी नाय आणल्या? तर बोल्ला, पोरींची सोय होत नाय. मी बोल्ले, पोरांची तरी कुठं झाली? ती मीच केली न्हवं? पोरींची पण केली असती."

तिनं हे अगदी सहज सांगितलं आणि परत सूप उचललं. त्या वयात असं म्हणणारं कुणीतरी कुठंतरी होतं, आणि आम्हाला ते इतक्या वर्षांनी कळत होतं.

जेवायला तिनं आम्हाला हलू दिलं नाही. तांदळाची भाकरी, बांगड्याचं दाटसर, झणझणीत तिखलं आणि आम्ही मागितली म्हणून कुळथाची पिठी. जेवण झाल्यावर मंगलनं दिलीपला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"दिलीप, मी आक्काच्या पडवीत बसलेय."

दिलीप मोठा ठेकेदार आहे, एरवी बोलायला कधी थांबत नाही.

"कोण आक्का?" तो अडखळत म्हणाला.

"जिच्या मांडीवर तू झोपला होतास ती."

"मंगल, ग्रुपवर टाकू नकोस हां," तो घाईनं म्हणाला. मग आवाज खाली आला. "त्या आहेत अजून?"

आक्कानं फोन हातात घेतला. "हाय रे बाबा. तू कसा हायस? आई बरी हाय?"

"आई गेली, आक्का. सहा वर्षं झाली."

"असू दे, असू दे," ती म्हणाली. "तू ये. पिठी करते."

दिलीप रडत होता. आम्हाला ऐकू येत होतं. नंतर त्यानं मंगलला सांगितलं की बसमधून परत येताना सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, रडलो ते सांगायचं नाही. मग एकानं शेकोटीची गोष्ट रचली, दुसऱ्यानं तीत भर घातली, आणि सांगता सांगता ती त्यालाही खरी वाटू लागली. "पण आक्काचं नाव घेतलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं ना," तो म्हणाला. "म्हणून तिला वगळलं. वाईट केलं आम्ही."

मंगलनं त्याला काही सुनावलं नाही. मला वाटलं होतं सुनावेल.

सड्यावर आणि सड्याखाली

संध्याकाळी आम्ही सड्यावर चढलो. वर मैल दीड मैल नुसता काळा-तांबडा कातळ, भेगांत वाळलेलं पिवळं गवत, करवंदीच्या जाळ्या, आणि पलीकडं सगळा समुद्र. मुलग्यांनी एवढं मात्र खरं सांगितलं होतं. ही जागा बघून कुणीही खोटं बोलायला लागेल.

मंगलनं तंबू उलगडला. आम्ही खुंट्या ठोकायला घेतल्या. पहिली वाकली, दुसरी वाकली, तिसरी उडून करवंदीत गेली. आक्का मागून चढून आली होती. ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"कातळात खुंटी जाते काय गो बाय? तो मास्तर पण हेच करीत व्हता. दगड बांधून उभे केले नि वारा आल्यावर गेले."

"मग कुठं लावायचे?"

"माणसं किती?"

"साठ."

तिनं खाली बोट दाखवलं. वाडी आणि सडा यांच्या मधल्या खोलगट भागात भात कापून झालेली खाचरं होती, एकाखाली एक, कोरडी, मऊ. तिन्ही बाजूंनी उतार असल्यानं वारा वरून जात होता. "आमची हायत ती. मार्गशीर्षात मोकळीच असतात. शिमग्याला मुंबईवाले येतात तेव्हा दीडशे माणूस जेवतं वाडीत. देवळामागं सहा संडास बांधलेत, दोन तुमच्यासारख्या गुडघेवाल्यांसाठी. टोप हायत, चुली हायत, पाण्याची टाकी हाय. साठ म्हणजे काय?"

मंगलनं वही काढली, मग उघडलीच नाही. देवळामागची व्यवस्था आम्ही जाऊन बघितली. सगळं स्वच्छ होतं. वाडीच्या प्रमुखांना, गावकरांनाही भेटलो. आक्कानं शब्द दिलाय म्हटल्यावर त्यांनी एकच सांगितलं, देवळाच्या आवारात पायताण घालायचं नाही आणि मोठ्यानं गाणी लावायची नाहीत. जानेवारीतला शनिवार-रविवार ठरला.

मासळीचा वास मात्र येणार. त्याला इलाज नव्हता.

तंबू खाचरात उतरवला. मातीत खुंट्या हातानं दाबल्या तरी गेल्या. चुकत-माकत, सूचनांचा कागद उलटा धरून, पण उभा केला. दोघींनी. मी छप्पन्न वर्षांची आहे, दोन मुलींची लग्नं केली, बँकेतून निवृत्त झाले. तरी तो वेडावाकडा तंबू उभा राहिल्यावर मला जो आनंद झाला तो आठवीतल्या मुलीला व्हावा तसाच झाला. जेवून लवकर आडव्या झालो. मंगल अंधारात म्हणाली, "पाठ दुखतेय. मस्त वाटतंय." एवढं बोलून ती घोरायला लागली.

सकाळी तंबूची चेन उघडली तेव्हा खाचरावर दव होतं आणि बांधावरून आक्का येत होती. हातात चहाची किटली, डोक्यावर झाकलेल्या ताटात घावणे. आमच्याकडं पाहुणा उठून घरात आला की चहा टाकतात. इथं चहाच पाहुण्याकडं चालत आला. बांधावर बसून आम्ही खाल्लं. आक्का मात्र खात नव्हती, तंबूकडं बघत होती.

"आत कसं वाटतं गो?" तिनं विचारलं.

"जाऊन बघा की," मंगल म्हणाली.

"नको. मी आपली म्हातारी."

थोडा वेळ गेला. मग तिनं पदर खोचला, चपला बाहेर नीट जोडून ठेवल्या आणि गुडघ्यांवर रांगत आत शिरली. आडवी झाल्याचा आवाज आला.

"ते दार लाव," आतून म्हणाली.

मी चेन ओढून घेतली. आम्ही दोघी बाहेर उभ्या राहिलो. खाली वाडीत धूर निघत होता, बंदरावरून इंजिनांचा आवाज येत होता. आत काहीच हालचाल नाही. मंगलनं खुणेनं विचारलं, झोपली की काय? मी खांदे उडवले. तेहतीस पोरं, दीडशे मुंबईकर, आदल्या दिवशी आम्ही दोघी. घरापासून शंभर पावलांवरही ही बाई अशी आडवी कधी झाली असेल, मला माहीत नाही.

"आक्का?" मी हळूच हाक मारली. "बरं वाटतंय ना?"

"हां," आतून आलं. मग जरा थांबून, "बाय, एक काम कर. घरी जा नि ह्यांना सांग, चुलीवर दूध हाय, बघा म्हणावं. मी हाय हितंच जरा."

मी तो निरोप दादांना सांगायला बांधावरून निघाले.